रविवारचा मोठा पुडा

टोरेका चांगली होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे ते माझ्या तोंडून निघेल याचा भरवसा नाही.

मी आता पन्नाशी ओलांडली. माझ्या मुली म्हणतात, तिचं नाव निघालं की आई, तुझा आवाज चढतो. चढू दे. जिनं स्वतःचा आवाज एकदाही न चढवता माझ्या ताटावरची माणसं उचलून नेली, तिच्याबद्दल मी हळू का बोलू?

मी लेसिएली, वावाऊची, म्हणजे टोंगाच्या उत्तरेकडची. तीस वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून फिजीत सुवाला शिकायला गेले. आमच्या हॉस्टेलात अख्ख्या समुद्रातली पोरं जमलेली. सॉलोमन, सामोआ, तुवालू, किरिबास, कुठली कुठली. मला शिष्यवृत्ती कशी मिळाली ते देवालाच ठाऊक, कारण अभ्यास यथातथाच होता आणि रसायनशास्त्रानं पहिल्याच सत्रात मला आडवं केलं. रूपाच्या नावानं आनंद. त्यातून गळाही नाही, आणि टोंगन मुलीला गाता येत नाही म्हटल्यावर लोक तिच्याकडे आजारी असल्यासारखं बघतात.

पण मला रांधता येत होतं. निघताना आईनं मला जवळ घेऊन सांगितलं होतं, "तू बोलून कुणाला जिंकणार नाहीस, बाई. तुझं तोंड फाटकं आहे. लोकांना खायला घाल, म्हणजे एकटी पडणार नाहीस." आई मला ओळखून होती.

म्हणून मी शनिवारी सकाळी बाजारातून अळूच्या जुड्या आणायची, कोवळी कोवळी पानं निवडून. नारळ खोवणीवर बसून खोवायचे, पिळून घट्ट दूध काढायचं. तळहातावर पानावर पान रचून द्रोण करायचा, त्यात डब्यातलं बीफ, चिरलेला कांदा आणि वरून ते दूध. मग पानं मिटून, वर कागद गुंडाळून पुडा बांधायचा. घरी आम्ही हे जमिनीतल्या भट्टीत भाजतो. हॉस्टेलात ओव्हनवर भागवावं लागायचं. रविवारी चर्चला जाताना चौदा पुडे आत सरकवायचे, आणि परत येईपर्यंत वास जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आलेला असायचा. त्या वासानं माणसं बरोबर टेबलापाशी येऊन बसायची. कोणाला बोलवावं लागायचं नाही.

चौदातला एक पुडा मोठा असायचा, दुहेरी पानांचा. तो नेस्टाचा. नेस्टा सॉलोमनमधल्या मलाइताची, माझ्या खोलीतली. पहिल्या आठवड्यात घरच्या आठवणीनं मी उशीत तोंड खुपसून रडत होते, तेव्हा तिनं काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला होता. बाकी कोणी तेवढं केलं नव्हतं. म्हणून मोठा पुडा तिचा. ती तो उघडायची तेव्हा वाफेचा लोट निघायचा आणि सगळं टेबल तिकडे बघायचं. सगळ्यांनी बघावं अशीच माझी इच्छा असायची, खोटं कशाला बोलू?

टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी, किरिबासची एक किडकिडीत मुलगी बसायची. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत शेवटचा पुडा उरायचा, फाटक्या पानांचा, अर्धं दूध ओघळून गेलेला. ती म्हणायची, छान झालंय. ताट घासून जागेवर ठेवायची आणि निघून जायची. तीच टोरेका. वर्षभर मला तिचं नावही धड येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टात माझ्या थोरल्या भावाचं लग्न होतं. मी तीन आठवडे घरी जाऊन आले. नाचून नाचून पायाला फोड आले होते. परतल्यावर पहिल्याच रविवारी चौदा पुडे लावले, चर्चला गेले, आले, ताटं मांडली आणि वाट बघत बसले.

कुणीही आलं नाही.

मागच्या व्हरांड्यातून हसण्याचा आवाज येत होता. जाऊन बघते तो काय, व्हरांड्यात चटई अंथरलेली आणि तिच्यावर माझी सगळी माणसं दाटीवाटीनं बसलेली. मधोमध टोरेका. अंगात त्यांच्याकडचं सैल चुण्यांचं पोलकं, लाल-पिवळं, डोळ्यांत खुपेल असं. डोक्याभोवती फुलांची वेणी. पुढ्यात अॅल्युमिनियमचं हे एवढं भांडं, त्यात नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि बाजूला तळलेल्या नीरफणसाच्या फोडी. आणि हातात एक बाटली. काथ्याची वीण घातलेली, आत काळसर पाक. माडाची नीरा आटवून काकवीसारखा पाक करतात, तो. प्रत्येकाच्या भातावर ती त्याचा एक चमचा घालत होती. नेस्टा तिच्या खांद्याला टेकून बसली होती.

मला बघून टोरेका म्हणाली, लेसिएली, ये ना, बस. मी म्हटलं माझं डोकं दुखतंय. डोकं नव्हतं दुखत. जे दुखत होतं ते त्याच्या बरंच खाली होतं.

मी परत येऊन त्या रिकाम्या टेबलापाशी एकटीनं दोन पुडे खाल्ले आणि बाकीचे बारा फ्रिजमध्ये कोंबले. आठवडाभर मी तेच खात होते. त्या दिवशी नेस्टा खोलीत आली आणि माझ्या पलंगावर बसून हळूच सांगायला लागली, "अगं, तू नव्हतीस ना, तेव्हा टोरेकाच्या—"

"या खोलीत त्या पोरीचं नाव काढायचं नाही," मी म्हटलं. "काढायचं असेल तर तुझी उशी घे आणि तिच्याकडे झोपायला जा."

नेस्टा भांडखोर नव्हती. बरं म्हणाली. दोनतीन दिवसांनी तिनं पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा मी बादली उचलून कपडे धुवायला निघून गेले. नंतर तिनं नाद सोडला.

आता तुम्ही म्हणाल, भाताच्या एका भांड्यावरून एवढं काय. तुमचं असं काही गेलं नसेल म्हणून म्हणाल. मला दुसरं होतंच काय? बुद्धी नाही, रूप नाही, गळा नाही. रविवारचे दोन तास माझे होते, त्या दोन तासांत चौदा माणसं माझी होती आणि बाकी सगळा आठवडा मी त्यावर काढायची. ते दोन तास तिनं घेतले, आणि घेतले तेही हसत हसत. बरं, स्वयंपाक तरी काय? भात. पाक. माझ्या आजीनं असल्या जेवणाला जेवण म्हटलं नसतं.

पुढच्या रविवारी मी ईर्ष्येनं कामाला लागले. दुप्पट दूध, दुप्पट बीफ. पण पुडे ओव्हनमध्ये असताना मी दर पाच मिनिटांनी व्हरांड्यात डोकावत होते, कोण आलं, कोण कुठे बसलं. लक्ष सगळं तिकडे. घाईघाईत पुडे लवकर बाहेर काढले आणि नेस्टाला ओढत आणून मोठा पुडा तिच्यापुढे ठेवला. अळू कच्चं राहिलं की काय होतं ते वावाऊतलं शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या घासाला नेस्टाचा घसा असा खवखवायला लागला की तिच्या डोळ्यांतून पाणी. मी पाणी आणायला धावले. परत येते तर टोरेका तिला आपल्या बाटलीतला पाक पाण्यात कालवून पाजत होती आणि नेस्टा तिचा हात धरून मान हलवत होती, बरं वाटलं, बरं वाटलं.

माझ्या हातातला पेला मी तिथेच मोरीत ओतला. टोंगन मुलीच्या हातचं अळू खवखवलं ही गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन मजले फिरली.

त्याच आठवड्यात मला बाउरो भेटला. हाही किरिबासचाच, शेवटच्या वर्षाला, वाटेल त्या विषयावर बोलणारा. आम्ही दोघं बाजारातून पिशव्या घेऊन चालत येत होतो. मी त्याला सहज म्हणून विचारलं, तुमच्या लोकांची काही खोड, काही रीत अशी असते का. माझ्या मनात काय होतं ते मलाही नीट माहीत नव्हतं. तो म्हणाला, एकच मोठी खोड, नाही म्हणता येत नाही.

"म्हणजे?"

"आपल्या माणसानं तोंड उघडून 'मला हे दे' म्हटलं की द्यायचं. बुबुसी म्हणतात त्याला. नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. माझ्या मामानं असा इंजिन लावलेला पडाव घालवला. दुसऱ्या दिवशी वल्ही मारत मासे धरायला गेला."

मी विचारलं, मग तो परत नाही घेता येत? बाउरो म्हणाला, मामा पुढे कधीतरी त्याच्याकडे दुसरं काही मागेल आणि त्याला द्यावं लागेल. पण दिलेली वस्तू परत करणं म्हणजे थोबाडीत मारणं. तो हसला आणि क्रिकेटकडे वळला. 'आपल्या माणसानं' हे शब्द त्यानं म्हटले होते, पण माझ्या कानात तेवढंच शिरलं जेवढं मला हवं होतं.

रविवारी मी व्हरांड्यात गेले. सगळे जमलेले. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "टोरेका, मला तुझं हे भांडं दे."

टोरेकाच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी बावरलेच. तिचा चेहरा उजळला. खरंच, एखाद्या खोलीत कोणी खिडकी उघडावी तसा. तिनं भात केळीच्या पानांवर काढला, भांडं नळाखाली नेऊन घासलं, पोलक्याच्या टोकानं कोरडं केलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवलं. मला वाटलं, ही पोर भोळसट दिसते.

भांडं मी पलंगाखाली सारलं. त्यानंतर नेस्टाच्या पायाचा अंगठा दोनदा त्याच्यावर आपटला, पण ती नुसती माझ्याकडे बघायची. आता बघू, मी मनात म्हणत होते, चौदा जणांना काय चहाच्या पातेल्यात रांधून घालणार?

तर पुढच्या रविवारी तिनं बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे गोळा केले. चार डब्यांत चार ठिकाणी भात. डबे सांभाळायला माणसं लागली, म्हणून जो तो मदतीला. एकाचा करपला, त्यावरून हशा. एकाचा कच्चा राहिला, त्यावरून हशा. भांडं होतं तेव्हा ती एकटी रांधायची. आता सगळं हॉस्टेल तिच्याबरोबर रांधत होतं. हे मीच करून ठेवलं होतं. माझ्या पुड्यांना त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं मिळाली, सामोआचे दोघं जुळे भाऊ, आणि ते दोघं कुठेही काहीही खायचे.

तेव्हा माझी नजर त्या बाटलीवर गेली. मी नीट बघितलं. भात कमीजास्त व्हायचा, नीरफणस कधी असायचा कधी नसायचा, पण पाकाचा चमचा कधी चुकायचा नाही. प्रत्येकाला एकच. आणि तो घेताना सगळे थोडे गप्प व्हायचे. माझी खात्री पटली की सगळी जादू त्यातच आहे. भात काय, कुणीही शिजवेल.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. बाटलीत तिसरा हिस्सा उरला होता. "टोरेका," मी म्हटलं, "मला तुझी ही बाटली दे."

नेस्टा म्हणाली, "लेसिएली, नको." इतक्या हळू म्हणाली की मला वाटलं ती घाबरलीय.

टोरेकानं बाटली मांडीवर घेतली. काथ्याच्या विणीवरून अंगठा फिरवला, एकदा खाली, एकदा वर. मग बाटलीचं तोंड पुसलं, बूच घट्ट केलं आणि दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरली. "घे," म्हणाली. हसलीही, पण या वेळी हसू यायला उशीर लागला. बाउरो खाली मान घालून चटईची काडी उपटत होता. नेस्टा उठली आणि आत निघून गेली.

मी स्वयंपाकघरात जाऊन बूच उघडलं आणि बोट बुडवून चाखलं. गोड. जरासा धुराचा वास. तळाला लागल्यासारखी एक कडवट चव. एवढंच? यासाठी माणसं माझं अळू सोडून गेली?

खोलीत नेस्टा पलंगावर ताठ बसली होती. तिला मी तशी कधी पाहिली नव्हती.

"तिचा बाप मेलाय, लेसिएली."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "काळं कुठे घातलंय तिनं?"

मी हे खरंच म्हटलं. आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. आमच्याकडे माणूस गेलं की अंगावर काळं चढतं, कमरेला चटई गुंडाळतात, आणि जितकं जवळचं माणूस तितकी ती जाडीभरडी आणि मोठी. आजोबा गेले तेव्हा मी वर्षभर काळ्यात होते. रस्त्यानं जाणाऱ्या परक्यालाही कळतं की हिच्या घरचं कोणी गेलं, हिच्याशी हळू बोला. लाल-पिवळं पोलकं घालून, फुलं माळून, हसत भात वाढणाऱ्या मुलीचा बाप गेलाय हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

"त्यांच्याकडे नसेल घालत," नेस्टा म्हणाली. "सगळं जग टोंगन नाही."

मग तिनं सगळं सांगितलं, जे मी तिला दीड महिना सांगू दिलं नव्हतं. टोरेकाचा बाप रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढून नीरा काढायचा आणि वरून गाणी म्हणायचा. गाण्यावरून बायकोला कळायचं, आता कुठल्या माडावर आहे. ऑगस्टात एका सकाळी गाणं मध्येच थांबलं. मी तेव्हा भावाच्या लग्नात नाचत होते. टोरेकाला निरोप मिळेपर्यंत त्याला पुरूनही झालं होतं. तिच्या काकानं त्याच्या शेवटच्या नीरेचा आटवलेला पाक कुणाच्या तरी हाती सुवाला पाठवला. तेवढीच एक बाटली. टोरेका म्हणाली होती, घरी असते तर बापाच्या नावानं गावाला जेवू घातलं असतं, इथे तुम्हीच माझं गाव. परीक्षेपर्यंत दर रविवारी प्रत्येकाला एक चमचा पुरेल असा तिनं अंदाज बांधला होता. म्हणून सगळे चटईवर जात होते. भातासाठी नाही. मयताच्या घरी जाऊन बसतात, तसे बसत होते.

एकटी मी गेले नव्हते. आणि गेले ती मागायला.

खरं सांगू का? शरम नंतर वाटली. पहिल्यांदा जे वाटलं ते भलतंच होतं. मला वाटलं, हिनं सगळ्यांना सांगितलं, मला का नाही? बाप गेल्याचं दुःखही तिनं चौदा जणांत वाटलं आणि मला त्यातला वाटा नाही. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतं ते मला त्या दिवशी कळलं. शरम आली ती मग चांगली आठवडाभर मुक्कामाला राहिली. बाटली कपाटात होती आणि मी कपाट उघडत नव्हते. परत द्यावी तर बाउरोचं ते थोबाडीत मारणं. ठेवावी तर ठेवणार कुठल्या तोंडानं?

शनिवारी दुपारी मी मनाचा हिय्या केला. टोरेका मागच्या अंगणात नारळ खोवत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकायचं ठरवलं. "टोरेका, ती बाटली—"

"उन्हात ठेवू नकोस हं," ती म्हणाली. "आंबेल."

मग तिनं मला शेजारी बसायला जागा केली, आणि खोवता खोवताच बोलायला लागली. एवढं ती कधी बोलली नव्हती.

"मला इथे येऊन दीड वर्ष झालं. सगळे चांगले आहेत. पण मागत कुणीच नाही. घरी दिवसातून चार वेळा कुणी ना कुणी दारात असतं. मीठ दे, चप्पल दे, पोरगी दे तासभर. इथे कुणी काही मागेना, तेव्हा मी म्हटलं, इथे आपलं कुणी नाही. बाबा गेल्यावर तर जो तो द्यायलाच यायचा. रुमाल, साबण, काय काय. माणूस परकं असलं की त्याला नुसतं देतात." तिनं करवंटी बदलली. "मग तू आलीस आणि म्हणालीस, भांडं दे. त्याच दिवशी मी आईला पत्र लिहिलं की मला इथे बहीण मिळाली."

मी काय बोलणार होते ते सगळं घशात अडकलं. कच्च्या अळूपेक्षा वाईट.

"बाटली द्यायला जड गेलं," ती म्हणाली. "पण बहिणीला नाही कसं म्हणू?"

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्या आईला गेलेलं पत्र खोटं ठरलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. पण तेवढंच नव्हतं. कुणीतरी मला बहीण म्हणत होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "आता तू माग. तुझी पाळी. काहीही माग." मनात देवाचा धावा करत होते की बाटलीच मागू दे, म्हणजे सुटेन.

टोरेकानं खोवणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या त्या शांत चेहऱ्यावर एकदम असं काही उमटलं की मी ओळखलंच. डोळे बारीक, ओठ घट्ट. दीड महिना रोज सकाळी आरशात मी तेच बघत होते.

"तो मोठा पुडा," ती म्हणाली.

"कुठला?"

"दुहेरी पानांचा. नेस्टाचा. गेलं अख्खं वर्ष मी टेबलाच्या टोकाला बसून त्याच्याकडे बघत होते. म्हटलं, एकदा तरी ही माझ्याकडे सरकवेल. एकदाही नाही सरकवलास." मग जरा थांबून म्हणाली, "उद्या तो मला दे. आणि माझा नेस्टाला दे. फाटक्या पानांचा."

मला हसायला आलं, इतकं की खोवणीवर हात टेकावा लागला. ती हसली नाही. तिला पुडा हवा होता.

रविवारी मी चौदा पुडे व्हरांड्यात नेले, तिच्या चटईवर. मोठा पुडा सगळ्यांदेखत टोरेकापुढे ठेवला आणि टोकाचा फाटका नेस्टापुढे. टोरेकानं आधी पुडा हातात घेऊन त्याचं वजन बघितलं. मग उघडला, वाफ अंगावर घेतली आणि शेवटच्या घासापर्यंत एकटीनं खाल्ला. कुणाला एक घास विचारला नाही. पानाला लागलेलं दूधही बोटानं पुसून चाटलं. जी मुलगी बापाच्या हातचा शेवटचा पाक चमचाचमचा वाटून टाकत होती, तिनं माझ्या पुड्यातलं तसूभर कुणाला दिलं नाही. माझ्या हातच्या जेवणाला याहून मोठी पावती पुढे कधी मिळाली नाही.

मग मी कपाटातून बाटली आणली. ती आता माझी होती आणि माझ्या वस्तूचं मी काय वाटेल ते करीन. प्रत्येकाच्या ताटात एक एक चमचा घातला. टोरेकाच्या ताटापाशी आले तेव्हा मी दोन घालायला गेले, तर तिनं हात आडवा धरला. एकच. परीक्षेच्या आदल्या रविवारी बाटली संपली, अगदी तिनं ठरवली होती तशीच.

टोरेका पुढे तिच्या बेटावर शाळेत शिकवायला लागली. आजही तिथेच आहे. लग्न झालं, चार मुलं झाली, केस पांढरे झाले. नाताळला तिचं पत्र येतं आणि प्रत्येक पत्रात एक मागणं असतंच. कधी सुती कापड, कधी कंगवा, एकदा तर माझ्या धाकटीचं नाव तिच्या नातीसाठी. मी पाठवते. तिला अजून वाटतं की ते भांडं मी बहिणीच्या हक्कानं मागितलं होतं. मी तिला खरं कधीच सांगितलेलं नाही, आणि आता सांगणारही नाही.

नेस्टाला मात्र भांड्यामागचं खरं माहीत आहे. ती होनियाराला असते, महिन्यातून एकदा फोन करते. परवा बोलता बोलता तिनं पुन्हा तोच विषय काढला. तीस वर्षं झाली, तरी त्या रविवारी मोठा पुडा टोरेकाला का दिला हे तिला सुटत नाही.

"अगं, तिनं मागितला," मी म्हटलं.



"मग मीही मागितला असता," नेस्टा म्हणाली.